कुंडीतील पाम : मातीचा निचरा

कुंडीत पाणी घातल्यावर मातीच्या मोठ्या पोकळ्यांतील जादा पाणी तळाच्या छिद्रांवाटे निघून जाणे आणि त्याची जागा हवेने घेणे, याला कुंडीतील मातीचा निचरा म्हणतात. बारीक पोकळ्यांत ओलावा टिकतो, मोठ्या पोकळ्यांत हवा खेळते. मुळांना दोन्ही एकाच वेळी मिळण्याच्या या अवस्थेलाच शेतकरी वाफसा म्हणतात. शेतात जादा पाणी खालच्या थरांकडे झिरपून वाफसा येतो. कुंडीत खाली झिरपायला जमीन नसते, म्हणून तेथे वाफसा मिश्रणाच्या रचनेतून साधावा लागतो.

पामची मुळे : ताल कुलातील वनस्पती एकदलिकित आहेत. बीजातून निघालेले आदिमूळ अल्पजीवी असते. पुढे खोडाच्या बुडातून आगंतुक मुळे फुटत राहतात. ती आंबा-वडाच्या मुळांसारखी वर्षानुवर्षे जाड होत नाहीत. निघताना असते तेवढीच त्यांची जाडी राहते. पाणी साचलेल्या मातीत या मुळांचा श्वास कोंडतो, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सु. १०,००० पटींनी सावकाश पसरतो. प्रथम मुळांची टोके मरतात. मग पाण्यातून पोहत पसरणारी बीजाणुके निर्माण करणारे पिथियम आणि फायटोप्थोरा हे कवकसदृश सूक्ष्मजीव दुबळ्या मुळांत शिरून मूळकूज घडवतात. एकखोडी पामला वाढीचा एकच शेंडा असतो. कूज तेथवर पोहोचली की झाड वाचत नाही. अरेका किंवा रॅपिस यांसारख्या बेटाने वाढणाऱ्या पामना बुडातून नवे फुटवे येऊ शकतात.

तळाचे साचपाणी : छिद्रातून ठिबकणे थांबले तरी कुंडीच्या तळाशी मातीचा एक थर पूर्ण भिजलेला राहतो. केशाकर्षणाने बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि तेवढ्या उंचीपर्यंत गुरुत्वाकर्षण ते ओढून काढू शकत नाही. या थराची जाडी मिश्रणाच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. समजा हा थर ४ सेंमी. आहे; १२ सेंमी. उंच मातीत तो एक तृतीयांश जागा व्यापेल, ३२ सेंमी. उंच मातीत केवळ एक अष्टमांश. पाण्याने भरलेला चौकोनी स्पंज आडवा धरून ठिबकणे थांबू दिले आणि मग उभा केला, तर त्यातून आणखी पाणी गळते, कारण तेच. म्हणून पसरट कुंडीपेक्षा उभट कुंडी पामला मानवते.

तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज चुकीचा आहे. बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. भिजलेला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. माती वाहून जाऊ नये म्हणून छिद्रावर जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी पुरेशी असते.

मिश्रणाचे घटक : दख्खनच्या काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती भिजल्यावर फुगते आणि सुकल्यावर आक्रसते. आक्रसलेली माती कुंडीच्या कडेपासून सुटते व पाणी फटीतून थेट खाली धावते. पाणी झटकन बाहेर आले म्हणजे निचरा चांगला, असे त्यामुळे म्हणता येत नाही. मधला गड्डा कोरडाच राहिलेला असतो. रोपवाटिकांत वापरली जाणारी लाल माती तुलनेने बरी, पण कुंडीत एकटी वापरल्यास तीही दबते.

माती मोकळी ठेवायला २ ते ५ मिमी. आकाराचे रवाळ पदार्थ लागतात : भरड वाळू, चाळून धूळ काढलेला विटांचा चुरा, कोळशाचे बारीक तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा परलाइट. परलाइट हा तीव्र उष्णतेने लाह्यांसारखा फुगवलेला ज्वालामुखीय काचेचा खडक होय. बारीक रेती चिकणमातीत मिसळल्यास पोकळ्या उलट बुजतात. समुद्राच्या वाळूत मीठ असते. कोकोपीट ओलावा धरते, पण खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांपासून केलेले असल्यास त्यात क्षार असतात. ते दोन-तीन वेळा धुऊन घ्यावे. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असल्याने ते सावकाश कुजते.

घरातील बहुतेक पामसाठी लाल माती २ भाग, धुतलेले कोकोपीट १ भाग, सोडणाचे तुकडे १ भाग, भरड वाळू किंवा परलाइट १ भाग आणि चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत १ भाग, हे प्रमाण सोयीचे आहे. पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत रवाळ भाग दुप्पट करावा.

हवेचे मापन : तळाची छिद्रे बंद करून १ लिटर मापाच्या भांड्यात मिश्रण भरावे. पृष्ठभागावर पाणी चमकेपर्यंत सावकाश पाणी घालून ते पूर्ण भिजू द्यावे. मग छिद्रे उघडून गळलेले पाणी मोजावे. १५० मिलि. पाणी निघाले, तर मिश्रणात हवेची जागा १५% आहे. साधारणतः १०% पेक्षा कमी हवा असलेले मिश्रण कोंदट समजावे. १५ ते २५% पामला सोयीचे असते.

कुंडी आणि पुनर्लागवड : तळाला सु. १ सेंमी. व्यासाची चार-पाच छिद्रे असावीत आणि ती फरशीला चिकटून बंद होऊ नयेत म्हणून कुंडी विटांवर ठेवावी. मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही बाष्प जाते. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल जास्त टिकते. ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून द्यावे. ते मुळांना घातक असतेच, शिवाय त्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते.

सेंद्रिय घटक कुजून माती बसत जाते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मिश्रण बदलावे. मुळे उबदार मातीत जोमाने वाढतात. महाराष्ट्रात पावसाळ्याची सुरुवात या कामाला योग्य. नवी कुंडी आधीच्यापेक्षा सु. ५ सेंमी. रुंद पुरते. फार मोठ्या कुंडीत मुळे न पोहोचलेली माती दीर्घकाळ ओली राहते. मुळांचा गड्डा शक्यतो फोडू नये आणि खोड पूर्वीपेक्षा खोल पुरू नये.

बिघाडाची लक्षणे व उपाय : माती ओली असूनही पाने मलूल होणे, खालची पाने पिवळी पडणे, मातीला कुबट वास येणे आणि मुळांची साल ओढताच सुटून आतला दोरा उरणे, ही मूळकुजीची लक्षणे होत. केवळ पानांची टोके करपणे हे क्षार, कोरडी हवा किंवा पाण्यातील फ्लोराइड यांनीही घडते. प्रथम पाणी थांबवावे, छिद्रे काडीने मोकळी करावीत आणि कुंडी काही वेळ तिरपी ठेवावी. तिरपी केल्याने मातीच्या स्तंभाची उंची वाढून तळाचे पाणी गळते. छिद्रातून आत सरकवलेली व खाली लोंबती ठेवलेली सुती दोरीही साचपाणी ओढून काढते. कूज दिसल्यास झाड काढून काळी, मऊ मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत आणि ते ताज्या मिश्रणात लावावे.

जातींतील फरक : मादागास्करचा अरेका आणि चीनकडील रॅपिस यांना सतत किंचित ओल हवी, पण साचलेले पाणी नको. खजुराच्या जाती व बिस्मार्किया यांना वरची माती चांगली सुकल्यावरच पाणी द्यावे. मादागास्करच्या नदीकाठचा मॅजेस्टी पाम ओल अधिक सोसतो. खाडीच्या चिखलात वाढणारा निपा हा मात्र अपवाद. त्याला निचऱ्याची मातीच लागत नाही.