हलक्या काडतुसाचा हिशेब

एप्रिल 1930. कुमाऊँच्या डोंगरात चौगडची नरभक्षक वाघीण शोधत जिम कॉर्बेट एका ओढ्यातून उतरत होता. वाटेत त्याला रातव्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्याला नाद होता, म्हणून ती त्याने डाव्या हातात घेतली. थोडं पुढे गेल्यावर मान वळवून पाहतो तर मागच्या कातळाआड, अवघ्या काही फुटांवर, वाघीण दबा धरून बसलेली. जरा घाई झाली असती तर तिने झेप घेतली असती. कॉर्बेटने उजव्या हातातली रायफल इंचाइंचाने अर्ध्याहून अधिक वर्तुळात फिरवली आणि एका हातानेच चाप ओढला. वाघीण जागीच पडली, अंडी शाबूत राहिली.

कॉर्बेटच्या धैर्याची ही हकिगत पुष्कळांनी वाचलेली असते. त्याच्या हातातल्या हत्याराकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही. ती लंडनच्या रिग्बी कंपनीची .275 रायफल होती. 1907 साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती भेट दिली होती. त्या काळचे साहेब वाघामागे निघताना दुनळी, जाड बोअरची, म्हणजे रुंद नळीची, खांदा हलवून सोडणारी रायफल घेत. तसलं धूड एका हाताने असं फिरवणं जवळजवळ अशक्यच. वाघिणीपुढे त्या दिवशी उपयोगी पडला तो रायफलीचा हलकेपणा, आणि हा हलकेपणा तिच्या काडतुसामुळे शक्य झाला होता.

ते काडतूस मूळचं जर्मन. माउझर कंपनीने 1892 च्या सुमारास 7 मिलिमीटर बोअरच्या गोळीसाठी 57 मिलिमीटर लांबीचं पितळी कवच आखलं. इंग्रज बंदूकवाल्यांनी इंचांच्या हिशेबात त्यालाच .275 म्हटलं. हे काडतूस शक्य झालं ते फ्रान्समधल्या एका शोधामुळे. 1884 साली पॉल व्हिएयने बिनधुराची दारू बनवली. काळ्या दारूपेक्षा ती कितीतरी जोरकस होती आणि नळीत काजळीचा थर कमी बसे. त्यामुळे बारीक नळीतून लांबट गोळी प्रचंड वेगाने सोडणं जमू लागलं.

यात बचत किती झाली, हे आकडेच सांगतात. 1871 पासून ब्रिटिश फौजेत असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी सुमारे 31 ग्रॅमची. तिच्यामागे साडेपाच ग्रॅम काळी दारू, आणि वेग सेकंदाला 410 मीटरच्या आसपास. माउझरच्या काडतुसात गोळी 11 ग्रॅमची, दारू अडीच ग्रॅमच्या आसपास आणि वेग 700 मीटर. ऊर्जेचा हिशेब मांडला तर दोन्ही गोळ्या नळीतून साधारण सारख्याच ताकदीने बाहेर पडतात. उलट लहान गोळी किंचित सरसच ठरते. शिसं एक तृतीयांश, दारू निम्मी, खांद्याला बसणारा धक्का बराच कमी आणि पट्ट्यात तेवढ्याच वजनात दुप्पट काडतुसं. शिवाय बारीक, लांब गोळी हवेत आपला वेग लवकर गमावत नाही आणि लक्ष्यात सरळ व खोल जाते. शिकारीसाठी असो वा निशाणबाजीसाठी, काडतूस काटकसरीचं ठरतं ते याच गुणांवर.

1898 साली क्यूबात सान हुआनच्या टेकड्यांवर अमेरिकन फौजेला ही गोळी सोसावी लागली. माउझर घेतलेल्या मूठभर स्पॅनिश सैनिकांनी संख्येने कितीतरी मोठ्या सैन्याचं जबर नुकसान केलं. वर्षभराने दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या ‘बोअर’ शेतकऱ्यांनी तीच रायफल इंग्रजांवर रोखली आणि डिसेंबर 1899 च्या एकाच आठवड्यात साम्राज्याच्या फौजेला तीन पराभव दाखवले. इंग्रजांनी यातून दोन धडे घेतले. एक, सैन्यासाठी .276 बोअरची नवी रायफल आखायला घेतली. पण 1914 चं महायुद्ध उभं राहिलं आणि ती योजना मागे पडून फौजेची आधीची .303 च कायम राहिली. दुसरा धडा मात्र मुळं धरून बसला, त्याकडे पुढे वळू.

या काडतुसाचा सर्वांत विलक्षण वापर केला तो वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने. युगांडातल्या करामोजा भागात फिरल्यामुळे तो ‘करामोजो बेल’ म्हणून ओळखला गेला. हस्तिदंतासाठी त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यातले बहुसंख्य याच .275 ने. हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासून मेंदू नेमका कुठे असतो हे त्याने पाठ केलं होतं. सपाट न होणारी, पूर्ण आवरणाची लष्करी गोळी तिथपर्यंत सरळ जाते, एवढा भरवसा त्याला पुरे होता. हे यश आज वाचताना मन विषण्ण होतं. हजार हत्तींचा हिशेब हस्तिदंताच्या दरात मांडणारा तो व्यापार होता आणि काडतूस स्वस्त, अचूक झालं की संहारही स्वस्त होतो, हे त्यात उघड दिसतं. बेलचं अनुकरण करणं धोक्याचंही होतं. त्याचा नेम आणि अभ्यास नसलेल्या माणसाच्या हातात तेच काडतूस म्हणजे जखमी, चवताळलेला हत्ती. आफ्रिकेतल्या अनेक प्रदेशांनी पुढे मोठ्या जनावरांसाठी किमान .375 बोअर सक्तीचा केला, तो उगाच नव्हे.

गुणांवर निवड व्हायची तर सगळं जग सात मिलिमीटरवर आलं असतं. तसं झालं नाही. अमेरिकेत 1932 साली जॉन गॅरंडची नवी रायफल .276 च्या काडतुसासाठी जवळजवळ ठरली होती. त्यात दहा काडतुसं मावत. लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी नकार दिला, कारण कोठारांत जुन्या .30-06 चे प्रचंड साठे पडून होते. रायफल त्या काडतुसासाठी बदलली आणि दहाची आठ झाली. काटकसर इथेही होती, फक्त ती कोठाराची होती.

हिंदुस्थानात निवड केली ती सरकारच्या धास्तीने. 1907 च्या सुमारास सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .450 बोअरच्या रायफली व काडतुसं आणण्यावर बंदी घातली. चोरलेल्या मार्टिनी-हेन्रींना त्या गोळ्या चालतील, ही भीती. मग वाघ-गव्यामागे जाणाऱ्या बड्या शिकाऱ्यांसाठी इंग्लंडच्या कारखानदारांनी .465, .470, .475 असे बोअर काढले. .303 देखील लष्करी असल्याने नागरिकांना वर्ज्य. या फटीतून वर आलं ते ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस, इथे .315 या नावाने रुळलेलं. त्याच्या बुडाला .303 सारखीच कड होती, त्यामुळे ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या यंत्रणेत थोड्या फेरफाराने ते बसे. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने याच जोरावर .315 ची स्पोर्टिंग रायफल बनवली. काडतुसं पुण्याजवळच्या खडकीत निघत. 1869 पासूनचा हा दारूगोळा कारखाना, आणि बुडावरची ‘के एफ’ ही त्याची खूण देशभरातल्या परवानाधारकांना परिचयाची झाली.

.315 ची गोळी जड आणि मंद. लांबवर ती लवकर खाली येते. माउझरच्या तुलनेत ते काडतूस कुठल्याही कसोटीवर डावंच. पण देशात बनणारं आणि कायद्यात बसणारं काडतूस हेच सामान्य परवानाधारकाला परवडणारं काडतूस होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला, आणि ते योग्यच झालं. त्यानंतर ही रायफल स्वसंरक्षणासाठी घराघरांत उरली.

आता बोअर युद्धाचा दुसरा धडा. नेमबाज शेतकऱ्यांकडून मार खाल्ल्यावर ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी सामान्य इंग्रज माणसाने नेम शिकावा असा आग्रह धरला. 1901 साली कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था उभी राहिली. गिरणी-कारखान्यातल्या माणसाला लष्करी काडतूस परवडणारं नव्हतं आणि हजार यार्डांचं मैदान शहरात मिळणार नव्हतं. दोन्ही अडचणी .22 ने सोडवल्या. स्मिथ अँड वेसनने त्याचं आखूड रूप 1857 मध्येच काढलं होतं. ‘लाँग रायफल’ हे आजचं रूप 1887 चं. गोळी 2.6 ग्रॅमची, दारू चिमूटभर, चाप ओढल्यावर खांद्याला जेमतेम जाणवेल एवढा धक्का. क्लब तळघरांतसुद्धा भरू लागले.

ऑलिंपिकमधली 50 मीटर रायफल याच काडतुसाची. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त 10.4 मिलिमीटर. स्पर्धेची गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात, कारण तो वेग ओलांडून परत खाली येताना ती डळमळते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत याच काडतुसाने 600 पैकी 597 गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलं. साठ गोळ्यांचं शिसं सारं मिळून दीडशे ग्रॅमच्या घरात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणलं, तेही याच बोअरवर.

या पातळीवर काडतूस स्वस्त राहत नाही. एकाच कारखान्याच्या दोन खेपांत वेगाचा सूक्ष्म फरक असतो आणि पन्नास मीटरवर तेवढ्याने दहाचा नऊ होतो. म्हणून जगभरचे नेमबाज आपली रायफल घेऊन एले किंवा लापुआसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रात जातात. तिथे नळी पकडीत घट्ट बसवतात, निरनिराळ्या खेपांची काडतुसं उडवून पाहतात, आणि जिची छिद्रं एकमेकांना सर्वांत चिकटून पडतात ती खेप परवडेल तितकी विकत घेतात.