सिल्व्हिया आणि तिची जुळी

मागच्या आठवड्यात एका ग्राफवरून आमची चांगलीच जुंपली होती. आकडा एकच, कारणं दोन, आणि दोन्ही तितकीच पटणारी. नुसत्या त्या आकड्याकडे बघून ठरवायचं कसं? शेवटी दुसरीकडून मोजल्यावर उलगडा झाला. असो. ते काम आपण सोमवारवर टाकू. पण त्यावरून मला नॉर्मन पॉगसन आठवला. खगोलशास्त्रातला असाच एक घोळ सुटायला शंभरेक वर्षं लागली होती.

आकाशातल्या ताऱ्यांना पहिल्या प्रतीचे, दुसऱ्या प्रतीचे म्हणायची पद्धत ग्रीकांपासूनची, पण सगळा कारभार अंदाजपंचे. पॉगसन तेव्हा ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत होता. १८५६ साली त्याने सुचवलं की पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट फरक धरावा. म्हणजे एका प्रतीला साधारण २.५१२ पट. आजही जगभर हीच पट्टी वापरतात. गंमत म्हणजे ती त्याने मांडली लघुग्रहांच्या तेजाबद्दलच्या लेखात.

१८६१ साली तो मद्रासच्या वेधशाळेत आला आणि त्याच वर्षी त्याला एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून नाव दिलं 'एशिया'. तेव्हाचं काम कसं चालायचं बघा. हाताने काढलेला ताऱ्यांचा नकाशा समोर ठेवायचा, दुर्बिणीतून तोच तुकडा बघायचा आणि जास्तीचा ठिपका दिसतो का ते शोधायचं. दिसलाच, तर तो ताऱ्यांमधून सरकतोय का हे पुन्हा बघायचं. दोन फाइल्सचा 'डिफ' डोळ्यांनी काढायचा, तोही मद्रासच्या उकाड्यात! (त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली 'आर रेटिक्युली' हा रूपविकारी तारा शोधला. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव का नव्हतं, देव जाणे.)

१६ मे १८६६ ला असाच एक ठिपका मिळाला. क्रमांक ८७. पॉगसनने नाव ठेवलं सिल्व्हिया, रोमच्या दंतकथेतल्या ऱ्हिया सिल्व्हियावरून. रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांची ती आई.

आता घोळ कुठे होता? ठिपक्याचं तेज त्याच्या पट्टीने नीट मोजता येत होतं, पण ठिपका केवढा आहे ते कळत नव्हतं. लहान पण उजळ दगड आणि मोठा पण काळा दगड, दोन्ही तेवढेच चमकतात. समजा एक दगड २०% प्रकाश परतवतो आणि दुसरा ४%. तेज सारखंच असेल, तर काळ्याचा व्यास सव्वादोन पट आणि घनफळ ११ पट निघतं. ही किरकोळ चूक नव्हे!

दुसरी मोजणी आली ती उष्णतेतून. दुपारी पार्किंगमध्ये उभ्या केलेल्या काळ्या गाडीच्या टपावर हात ठेवून बघा. काळी वस्तू प्रकाश परतवत नाही, गिळते आणि तापते. ही धग इन्फ्रारेडमध्ये दिसते. ती आणि परतलेला प्रकाश, दोन्ही मोजले की आकार आणि काळेपणा वेगवेगळे काढता येतात. १९७०च्या दशकात ही पद्धत रुळली आणि लक्षात आलं की पट्ट्यातले कितीतरी लघुग्रह कोळशासारखे काळे आहेत. सिल्व्हिया त्यातलीच. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, सूर्याभोवती एक फेरी साडेसहा वर्षांत. आकार लांबट, सरासरी व्यास सुमारे २७० किमी, म्हणजे पुणे-सोलापूरहून थोडा जास्तच. परतवते जेमतेम ४-५ टक्के प्रकाश. कार्बनयुक्त द्रव्याने काळवंडलेली.

पण वजन? त्यासाठी कोणीतरी तिच्याभोवती फिरायला हवं होतं. २००१ साली मायकेल ब्राऊन आणि जाँ-लुक मार्गो यांना हवाईच्या केक दुर्बिणीतून तिचा एक चंद्र दिसला. २००४ साली चिलीतल्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'ने घेतलेल्या निरीक्षणांतून फ्रांक मार्शिस आणि सहकाऱ्यांना दुसरा सापडला. ऑगस्ट २००५ मध्ये तो जाहीर झाला. दोन चंद्र असलेला लघुग्रह त्याआधी माहीतच नव्हता. नावं शोधायची गरज कुठे होती? ती १८६६ पासून ठरलेलीच होती! थोरला रोम्युलस आणि आतल्या कक्षेतला छोटा रीमस.

रोम्युलस साधारण १,३६० किमीवरून ३.६५ दिवसांत फेरी मारतो. केप्लरच्या नियमात हे दोन आकडे घातले की आईचं वस्तुमान निघतं, सुमारे १५ वर १८ शून्यं इतके किलो. बारावीचं गणित आहे, करून बघा. मग घनता निघाली पाण्याच्या सव्वा-दीड पटीच्या आत. सलग खडक इतका हलका नसतो, म्हणजे आत बर्फ किंवा पोकळ्या असणार. २००५ साली तर ती खडकांची सैल रास असावी असंच मानलं गेलं. पुढे २०२१ च्या अभ्यासात चित्र थोडं बदललं आणि तिच्या पोटात वेगवेगळे थर असावेत असं दिसू लागलं.

आणि पॉगसनचं नशीब इथेच संपत नाही. १८६८ साली मद्रासहूनच त्याने कॅमिला शोधली, क्रमांक १०७. तीही तशीच मोठी, तशीच काळी. तिचा पहिला चंद्र २००१ साली सापडला, आणि २०१६ मध्ये तिलाही दुसरा निघाला.