शनवार तेल्यांची शाळा



घरची भाषा एक आणि विद्येची भाषा दुसरी, ही अडचण काय असते ते मराठवाड्याला निराळे सांगावयास नको. निजामी राजवटीत १९४८ पर्यंत आपल्याकडे वरचे शिक्षण उर्दूच्या दारातून जात असे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशीच अडचण कोकणातल्या एका लहानशा मराठी समाजापुढे होती. तो समाज बेने इस्रायलांचा, म्हणजे मराठी ज्यूंचा.

ज्यू लोकांत विद्येचा मान फार जुना. पाचव्या वर्षी धर्मग्रंथ, दहाव्या वर्षी स्मृतिवचने, तेराव्या वर्षी धर्माज्ञांची जबाबदारी आणि पंधराव्या वर्षी तालमूदचा अभ्यास, अशी शिडी त्यांच्या पूर्वाचार्यांनी घालून दिली. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक असावा; मुले चाळीस झाली तर मदतनीस द्यावा, असा नियम तालमूदात आहे. या शिडीच्या वरच्या टोकाला रब्बी, म्हणजे धर्मनिर्णय देण्याचा अधिकार मिळालेला पंडित.

कोकणात मात्र ही शिडीच नव्हती. कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे हे लोक शनवार तेली म्हणून ओळखले जात. त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नव्हते. सुंता, शनिवारची विश्रांती आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी उरली होती. परंपरा सांगते की, दावीद रहाबी नावाच्या पुरुषाने त्यांना ओळखले आणि तीन घराण्यांतील माणसांना शिकवून काजी नेमले. १७९६ साली सामुएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. पुढे कोचीनचे ज्यू शिक्षक आले आणि मुले हिब्रू प्रार्थना पाठ करू लागली. पण पाठांतर झाले तरी अर्थ कोण सांगणार?

अर्थाची वाट अनपेक्षित ठिकाणाहून निघाली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी मिशनच्या शाळांतून विद्या घेतली आणि बहुतेकांनी आपला धर्म सोडला नाही. उलट त्याच विद्येच्या बळावर जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० च्या सुमारास तर बायबलातील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. टाळमृदंगाच्या या देशात धर्म शिकवण्याची याहून सोपी रीत कोणती?

१८७५ साली हाईम सामुएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली. तिच्यात लौकिक विषयांबरोबर हिब्रूही शिकवीत. हीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. या शिक्षणातून कारकून, शिक्षक, डॉक्टर घडले. रब्बी मात्र घडले नाहीत. सिनेगॉगात प्रार्थना चालवणारा हझान होता, पण शास्त्रार्थ सांगणारा आपला पंडित नव्हता.

ही उणीव किती महाग पडली पाहा. १९४८ नंतर यांतले पुष्कळ लोक इस्रायलला गेले. तिथल्या मुख्य रब्बींनी १९६० नंतर त्यांच्या विवाहांविषयी शंका काढली. घटस्फोटाचे आणि पुनर्विवाहाचे नियम यांच्या पूर्वजांनी पाळले होते काय, असा आक्षेप होता. ज्यांनी शतकानुशतके एकाकीपणे धर्म राखला, त्यांच्याच मुलामुलींना आपली कुळी सिद्ध करण्यास सांगण्यात आले! त्यांनी सत्याग्रही चिकाटीने आंदोलन केले, तेव्हा १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांचा समान दर्जा निःसंदिग्धपणे मान्य केला.

यातून दोन गोष्टी दिसतात. मातृभाषेने धर्माचा अर्थ घराघरांत पोचवला. तिच्यावाचून पाठांतर मुकेच राहिले असते. पण ज्या समाजाची प्राथमिक शाळा आपली आणि विद्वत्पीठ परके, त्याच्याविषयीचा निर्णयही परकेच देतात. मुलांना अक्षरओळख करून देऊन समाजाचे काम संपत नाही. शेवटच्या पायरीपर्यंत शिडी आपल्याच अंगणात उभी करावी लागते.