जहाजाचा विमा आणि उतारूचा विमा

‘विमा’ हा शब्द मराठीने फारसीतून घेतला. फारसी ‘बीम’ म्हणजे भय. ज्या व्यवहाराच्या नावातच भय आहे, त्याचा जन्म समुद्रावर व्हावा यात आश्चर्य नाही. आज आपल्या इंदूर-बडोद्याच्या घरांतील अनेक ज्येष्ठ मंडळी मुलांच्या आग्रहाने क्रूझच्या सफरीला निघतात. कोणी सिंगापूरहून, कोणी भूमध्य समुद्रात, कोणी अलास्काच्या बाजूस. तिकिटासोबत प्रवासविम्याचा एक बारीक छापाचा कागद हाती येतो आणि बहुधा तो न वाचताच बॅगेच्या कप्प्यात जातो. त्या कागदामागे दोन-अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला, तर कागदात काय पाहावयाचे हेही आपोआप कळते.

प्राचीन काळी विमा आणि कर्ज यांची फारकत झालेली नव्हती. सावकार जहाजाच्या खेपेसाठी पैसे देई. जहाज सुखरूप परतले तर भारी व्याजासह वसुली होई आणि जहाज बुडाले तर कर्जही बुडे. डेमॉस्थेनीसच्या नावावर असलेल्या, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील एका ग्रीक न्यायालयीन भाषणात असा एक करारच उद्धृत झालेला आहे. त्यात तीन हजार द्राख्मांच्या कर्जावर एका खेपेसाठी हजारी २२५ असे व्याज ठरले होते. परंतु स्वाती नक्षत्राच्या उदयानंतर, म्हणजे शरदातील वादळांच्या दिवसांत, काळ्या समुद्रातून निघावे लागल्यास तेच व्याज हजारी ३०० व्हावयाचे होते. ऋतू पाहून जोखमीचा दर ठरवण्याची ही बुद्धी आपल्याला परकी वाटू नये. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होडी न घालणाऱ्या कोकणाला ती उपजतच होती. आपल्या धर्मशास्त्रकारांनीही हे ओळखले होते. याज्ञवल्क्यस्मृतीत अरण्यमार्गाने जाणाऱ्या ऋणकोने शेकडा दहा आणि समुद्रगमन करणाऱ्याने शेकडा वीस व्याज द्यावे, असे सांगितले आहे. समुद्रयानात निष्णात आणि देशकाल जाणणारे लोक जो दर ठरवतील तो प्रमाण मानावा, असे मनुस्मृती सांगते.

पश्चिम किनाऱ्यावरची ‘जोखमी हुंडी’ याच कुळातली. माल पाठवणारा व्यापारी त्या गलबतातील मालाच्या आधारावर हुंडी लिही आणि गलबत पोहोचले तरच तिचे पैसे देय होत. हुंडी विकत घेणाऱ्याने समुद्राची जोखीम आपल्या शिरावर घेतलेली असे. समुद्रापासून दूर असलेल्या माळव्यातही ही विद्या अवगत होती. सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक आपल्या ग्रंथात माळव्यातील सावकारांच्या विमा-व्यवहाराची दखल घेतली आहे. एकठोक रक्कम ठरवून, वाटेतील जकातीसह माल मुक्कामी पोहोचवण्याचा मक्ता घेणारा तो हुंडेकरी. आज हे नाव आपल्यापैकी काही घराण्यांत केवळ आडनाव म्हणून उरले आहे.

कर्जापासून वेगळा झालेला स्वतंत्र विमा प्रथम इटलीच्या व्यापारी नगरांत दिसतो. १३४७ सालचा जिनोआ येथील एक करार उपलब्ध करारांपैकी सर्वांत जुना समजला जातो. ‘सान्ता क्लारा’ या जहाजाच्या जिनोआ ते मायोर्का या खेपेचा तो होता. पुढे लंडनमध्ये एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजांचे कप्तान, मालक आणि व्यापारी जमू लागले. या कॉफीगृहाचा उल्लेख १६८८ पासून आढळतो. जोखमीच्या कागदाखाली जो तो आपल्या हिश्श्यापुरती सही करी, आणि त्या गप्पांच्या अड्ड्यातून ‘लॉइड्स’ ही जगप्रसिद्ध विमापेढी उभी राहिली.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. जहाजाचा विमा होता, मालाचा होता, भाड्याचाही होता. जहाजावर बसलेल्या माणसाचा मात्र नव्हता.

याची कारणे जुन्या कायद्यात सापडतात. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान सर्व मालधन्यांनी मिळून सोसावे, असा ऱ्होड्स बेटाच्या नावाने चालत आलेला नियम रोमन कायद्याने स्वीकारला होता. त्याच ठिकाणी रोमन विधिज्ञांनी असेही नमूद केले, की स्वतंत्र माणसाच्या देहाची किंमत करता येत नाही, म्हणून तो या हिशेबात धरू नये. विचार उदात्त होता, परंतु परिणाम असा झाला की माणूस हिशेबाच्या वहीबाहेर राहिला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या १६८१ च्या सागरी अध्यादेशाने तर माणसाच्या जिवाचा विमा उतरवण्यास स्पष्ट मनाई केली. प्रवाशाला विमा उतरवता येई तो केवळ आपल्या स्वातंत्र्याचा. चाच्यांनी पकडून नेल्यास सुटकेचे द्रव्य मिळावे, एवढ्यापुरताच.

जो माणूस स्वतंत्र नव्हता त्याची मात्र किंमत झाली, आणि ती कशी झाली हे वाचताना आजही लाज वाटते. १७८१ मध्ये ‘झाँग’ या इंग्रजी जहाजावरील खलाशांनी, पाणी अपुरे आहे या सबबीवर, सुमारे एकशे तीस आफ्रिकी गुलामांना समुद्रात फेकले. मालकांनी ‘माल’ गमावल्याबद्दल माणशी तीस पौंडांची विम्याची मागणी केली. प्रथम ज्यूरीने ती मान्य केली. १७८३ मध्ये प्रकरण लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यासमोर आले, तेव्हा पुरेसा पाऊस पडून पाणी मिळाल्यानंतरही काही माणसे फेकली गेल्याचा पुरावा पुढे आला आणि फेरसुनावणीचा आदेश निघाला. खुनाचा खटला मात्र कोणावरही चालला नाही. सागरी विम्याच्या वहीत माणसाची नोंद झाली होती, परंतु ती माल म्हणून.

याच मॅन्सफील्ड यांनी १७६६ मध्ये दिलेला एक निवाडा प्रत्येक विमेदाराच्या उपयोगाचा आहे. सुमात्रा बेटावरील बेंकूलन येथील मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध लंडनमध्ये विमा उतरवला होता. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ल्याची दुर्बलता कार्टरने लपवली, असे म्हणून विमा घेणाऱ्याने पैसे देण्याचे नाकारले. विमेदाराला जे विशेष ठाऊक आहे ते त्याने मोकळेपणाने सांगितले पाहिजे, हे तत्त्व मॅन्सफील्ड यांनी मांडले. मात्र हे बंधन दोन्ही पक्षांवर आहे, आणि विमा घेणाऱ्याला जे सहज कळण्याजोगे होते त्याबद्दल त्याने मागाहून तक्रार करू नये, असेही त्यांनी बजावले. निकाल कार्टरच्या बाजूने लागला. परम सद्भावाचे हेच तत्त्व भारताच्या १९६३ च्या सागरी विमा अधिनियमातही आले आहे. प्रस्तावाच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब, हृदयावरील शस्त्रक्रिया यांविषयी जो रकाना असतो, त्याचे मूळ बेंकूलनच्या त्या तटबंदीत आहे.

प्रवाशाच्या विम्याचा आरंभ अखेर झाला तो समुद्रावर नव्हे, तर आगगाडीत. १८४९ मध्ये लंडनमध्ये ‘रेल्वे पॅसेंजर्स अॅशुरन्स’ ही कंपनी निघाली. स्टेशनावर तिकिटासोबतच एका प्रवासापुरता अपघातविमा मिळू लागला. पहिल्या वर्गाच्या उतारूस तीन पेन्समध्ये हजार पौंडांचा, दुसऱ्या वर्गास दोन पेन्समध्ये पाचशेचा आणि तिसऱ्या वर्गास एका पेनीत दोनशेचा. जिवाच्या मोलात वर्गभेद होता खरा, परंतु सामान्य उतारू हा स्वतःच विमेदार झाला, ही केवढी मोठी घटना होती.

समुद्रावर मात्र जुनीच रीत दीर्घकाळ चालली. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली आणि सुमारे दीड हजार माणसे गेली. जहाजाचा दहा लाख पौंडांचा विमा लॉइड्समार्फत उतरवलेला होता आणि ती रक्कम लवकरच चुकती झाली. उतारूंच्या वारसांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे एक कोटी साठ लाख डॉलरांचे दावे लावले. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे जहाजमालकाची जबाबदारी जहाजाच्या उरलेल्या मूल्यापुरती मर्यादित होऊ शकत असे. जहाज समुद्राच्या तळाशी असल्याने उरल्या होत्या त्या केवळ काही जीवनौका आणि आगाऊ घेतलेले भाडे. सारे मिळून एक लाख डॉलरहूनही कमी. १९१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा आधार घेण्याची मुभा कंपनीला दिली आणि १९१६ मध्ये सुमारे साडेसहा लाख डॉलरांवर तडजोड झाली.

आपल्या किनाऱ्यानेही हे दुःख पाहिले आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अवघ्या काही तासांचा, घरच्या अंगणासारख्या समुद्रातला तो प्रवास होता. उतारूने स्वतःचा वेगळा विमा उतरवावा, ही कल्पनाही तेव्हा येथे रुजलेली नव्हती.

आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. १९७४ च्या अथेन्स कराराने आणि त्याच्या २००२ च्या सुधारणेने, जी २०१४ मध्ये अमलात आली, मृत्यू व इजा यांबद्दल प्रवासी जहाजाच्या चालकाची जबाबदारी बांधून दिली आणि त्यासाठी विमा सक्तीचा केला. परंतु हे संरक्षण करारात सामील झालेल्या देशांशी संबंधित प्रवासालाच लागू होते. शिवाय ते मुख्यतः जहाजाच्या अपघाताविषयी आहे. उतारूला केबिनमध्ये हृदयविकाराचा झटका आला, तर त्याचा भार चालकावर नाही.

येथेच इतिहासाचा धडा व्यवहाराला येऊन भिडतो. ‘कंपनीचा विमा आहे ना’ या उत्तरावर समाधान मानू नये. तो विमा जहाजाचा आणि चालकाच्या जबाबदारीचा असतो. आपला विमा आपणच उतरवावयाचा असतो.

तो निवडताना हप्त्याचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. प्रथम पाहावा तो वैद्यकीय भाग. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचे बिल बहुधा डॉलरांत आणि जागेवरच द्यावे लागते. गावातील रुग्णालयाचे रोकडरहित कार्ड तेथे चालत नाही. आजार गंभीर असल्यास हेलिकॉप्टरने वा जवळच्या बंदरातून रुग्णाला हलवावे लागते आणि हा खर्च उपचारांपेक्षाही मोठा होऊ शकतो. हलवण्याचा खर्च आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे की नाही, त्याची मर्यादा किती आहे, वयोमानाप्रमाणे ती कमी होते काय आणि प्रत्येक दाव्यातील किती रक्कम आपणच सोसावयाची आहे, हे पाहावे. आधीपासूनच्या आजारांविषयीचे कलम दोनदा वाचावे. अनेक पॉलिसी ते पूर्णपणे वगळतात, तर काही केवळ जिवावर बेतल्यासच मदत देतात. अर्जात आजार लपवल्यास पुढचे सारे संरक्षण डळमळीत होते.

दुसरा भाग खास समुद्राचा. विमान उशिरा पोहोचल्याने जहाज सुटणे, हवामानामुळे एखादे बंदर गाळले जाणे, आजारामुळे केबिनमध्येच अडकून पडणे, या गोष्टी साध्या परदेश-प्रवासविम्यात नसतात. पुष्कळदा त्या क्रूझसाठीच्या वेगळ्या पुरवणीत असतात. बंदरे बदलण्याचा अधिकार जहाज कंपन्या तिकिटाच्या अटींतच राखून ठेवतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर आदळून बत्तीस माणसे गेली. इजा न झालेल्या उतारूंना कंपनीने प्रत्येकी अकरा हजार युरो देऊ केले होते. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकून पडली. तिच्यावरील सुमारे ३,७०० जणांपैकी सातशेहून अधिकांना करोनाची लागण झाली. साथीचे रोग वगळणाऱ्या कलमाकडे तोवर फारसे कोणी पाहिले नव्हते. जी आपत्ती आधीच सर्वांना ठाऊक झालेली आहे तिच्यासाठी मागाहून काढलेला विमा उपयोगी पडत नाही, हेही तेव्हा अनेकांच्या लक्षात आले. म्हणून तिकीट काढल्यावर लगेचच पॉलिसी घ्यावी. प्रवास रद्द होण्यापासूनचे संरक्षणही मग लवकर सुरू होते.

तिसरी गोष्ट भूगोलाची. पॉलिसीत नमूद केलेल्या प्रदेशात मार्गावरील प्रत्येक देश येतो काय, आणि जहाजाला उशीर झाल्यास मुदत वाढते काय, हे तपासावे. मुंबई-गोवा अशी देशांतर्गत सफर असेल तर परदेश-प्रवासाची पॉलिसी सहसा लागू होत नाही. तिच्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

एवढे पाहून झाले की पॉलिसीची एक प्रत घरच्यांजवळ ठेवावी आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक औषधांच्या डबीत. रोमन विधिज्ञांनी हिशेबाबाहेर ठेवलेल्या उतारूचे नाव वहीत यावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. त्या नावापुढच्या अटी वाचण्यासाठी आपल्याला एक संध्याकाळ पुरेल.