वार्धक्य, स्मृति आणि सहवास

वय झालें कीं स्मृति जावयाचीच, हा समज फार जुना. त्याविरुद्धची तक्रारहि तितकीच जुनी. रोमन पंडित सिसेरो यानें इ. स. पूर्व ४४ मध्यें वार्धक्यावर जो संवाद लिहिला, त्यांतील ८४ वर्षांचा केटो दिवसभरांत आपण काय बोललों, ऐकलें व केलें याची रोज सायंकाळीं उजळणी करतो. स्मृति न वापरल्यानें क्षीण होते, असा त्याचा अभिप्राय.

१९०१ सालीं फ्रँकफुर्टच्या रुग्णालयांत ५१ वर्षांची एक स्मृतिभ्रष्ट स्त्री दाखल झाली. १९०६ मध्यें ती वारल्यावर डॉ. आल्झायमर यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला. त्यांत साचलेलीं पुटें व तंतूंचा गुंता त्यांना आढळला. विस्मरणाला दृश्य कारण सांपडलें. मग जितकी विकृति तितकें विस्मरण, असा सरळ हिशोब मांडणें ओघानेंच आलें.

अमेरिकेंत हा हिशोब चुकला. १९८६ पासून डेव्हिड स्नोडन यांनीं ज्या वृद्ध ख्रिस्ती मठवासिनींचें अध्ययन केलें, त्यांपैकीं ६७८ जणींनीं मरणोत्तर मेंदू शास्त्रास देऊं केले. कांहींच्या मेंदूंत रोगाचीं चिन्हें विपुल असूनहि बुद्धि अखेरपर्यंत शाबूत होती. शिकागो येथें १९९७ मध्यें सुरू झालेल्या दुसऱ्या अध्ययनांतून २००६ सालीं असें दिसलें कीं, ज्यांचा आप्तेष्टांचा गोतावळा मोठा, त्यांची स्मृति तितक्याच विकृतीनें कमी ढळते.

येथें एक शंका रास्त आहे. रोगाची चाहूल लागतांच माणूस आपण होऊन चारचौघांतून अंग काढून घेतो. मग एकांत हें कारण कीं परिणाम? याचा पुरता निकाल लागलेला नाहीं. तरीहि ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळानें २०२४ मध्यें स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण उपाय करतां येण्याजोग्या १४ गोष्टींत बहिरेपणाबरोबर एकलकोंडें जिणेंहि गणलें आहे.

आमच्या घरांतून वडील मंडळींना औषध वेळेवर मिळतें, मानहि मिळतो. पण त्यांचा सल्ला कोणी विचारीत नाहीं, आणि त्यांची हकीकत ‘ऐकलेली आहे’ म्हणून मध्येंच तोडली जाते. सहवासानें रोग बरा होतो, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु समोर ऐकणारा असला म्हणजेच आठवण धुंडाळावी लागते, शब्द शोधावा लागतो. तो ऐकणारा पुरविणें वैद्याच्या हातीं नाहीं; तें घरच्यांचेंच काम आहे.