कारखान्यात चोरी झाली तर आधी काय करायचं? लोधीखेडा-सावनेर पट्ट्यासाठी माहिती

लोधीखेडा : गोदामातून माल गायब झाला, की बऱ्याच ठिकाणी चौकीदाराला आणि दोन-चार मजुरांना खोलीत कोंडून दरडावलं जातं. कबुली मिळतेही, पण प्रकरण तिथेच बिघडतं. धाक दाखवून घेतलेली कबुली न्यायालयात टिकत नाही. उलट कोंडून ठेवणाऱ्या मालकावरच भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

आधी जागा जशीच्या तशी ठेवावी. तुटलेलं कुलूप, उघडी खिडकी यांना हात न लावता फोटो काढावेत. मग लगेच सीसीटीव्ही. हार्डडिस्क भरली की जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं, त्यामुळे "उद्या पाहू" म्हणणं महागात पडतं. नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी देऊनही भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग यंत्र सांभाळणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ. त्यात फाइलचं हॅश मूल्यही द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच समजा. फाइलमध्ये जरा बदल केला की तोही बदलतो.

कॅमेऱ्याइतकंच महत्त्व कागदाला. गेट पास, बिल्टी, धरमकाट्याची पावती, ई-वे बिल, हजेरीपट हे सगळं त्याच दिवशी ताब्यात घ्यावं. माल किती होता हेच स्टॉक रजिस्टरमध्ये नसेल, तर किती गेला हे थान्यात सांगणार तरी कसं?

सीमेवरची नेहमीची अडचण म्हणजे हद्द. ट्रक बोरगावहून भरून निघाला आणि नागपुरात माल कमी उतरला, तर तक्रार मध्य प्रदेशात की महाराष्ट्रात? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही थान्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन खबर दिल्यास ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. थान्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं. लोधीखेडा २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे, त्यामुळे अर्ज आता छिंदवाड्याला करायचा नाही.

नोकरानेच मालकाच्या ताब्यातला माल चोरला तर कलम ३०६, विश्वासाने सोपवलेली रक्कम किंवा माल हडपला तर कलम ३१६. दोन्हींत ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीत मात्र संशयिताचं नाव अंदाजाने घालू नये. चावी कोणाकडे होती, पाळी कोणाची होती एवढंच लिहावं.

खात्यातून ऑनलाइन पैसे गेले असतील तर थान्याची वाट न धरता आधी १९३० ला फोन लावावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली गेली तर परत मिळण्याची आशा राहते.

सुरक्षा एजन्सीचा परवानाही तपासून घ्यावा. २००५ च्या कायद्याप्रमाणे हा परवाना राज्यागणिक वेगळा असतो. नागपूरच्या एजन्सीकडे फक्त महाराष्ट्राचा परवाना असेल, तर इकडच्या गेटवर तिचे गार्ड उभे करता येत नाहीत.