लेबलवरचे ४० ग्रेन

१९३७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेत एका पातळ औषधाने शंभराहून अधिक माणसांचा जीव घेतला. औषधाचे नाव एलिक्सिर सल्फानिलामाइड, आणि ते बनवणारी कंपनी टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावची एस. ई. मॅसेंगिल. या घटनेची बरीच कागदपत्रे आज उपलब्ध आहेत. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकी काँग्रेसला सादर केलेला अहवाल आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या रसायन प्रयोगशाळेने संघटनेच्या नियतकालिकात छापलेले पृथक्करण आहे. शिकागो विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ यूजीन गाइलिंग यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांची नोंद आहे. शिवाय डॉक्टरांची आणि मेलेल्या मुलांच्या आईबापांची पत्रे आहेत. हे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले की एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो: औषधाची जाण असलेल्या माणसाला या प्रकरणात कोणी, कोणत्या दिवशी विचारले?

सुरुवात कृतीपासून करू, कारण तीच सर्वांत नेमकी आहे. मंत्र्यांच्या अहवालात एका घाण्याचे प्रमाण दिले आहे: सल्फानिलामाइड साडेअठ्ठावन्न पौंड, डायएथिलीन ग्लायकॉल ६० गॅलन, रास्पबेरीचा अर्क, सॅकरीन, थोडा रंग, थोडे कॅरमेल, आणि एकूण ८० गॅलन भरेपर्यंत पाणी. लेबलवरचा दावा होता, प्रत्येक औंसात ४० ग्रेन सल्फानिलामाइड. हा दावा पडताळून पाहता येतो. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे साडेअठ्ठावन्न पौंडांचे ४,०९,५०० ग्रेन झाले. ८० गॅलनांचे १०,२४० औंस होतात. भागाकार केला की उत्तर जवळजवळ ४० येते. म्हणजे मूळ औषधाबद्दल लेबल खरे बोलत होते. पण त्याच बाटलीचा तीन-चतुर्थांश भाग डायएथिलीन ग्लायकॉल होता, आणि त्याबद्दल लेबलवर अक्षरही नव्हते.

हे द्रावक वापरण्यामागचे कारण साधे होते. सल्फानिलामाइड पाण्यात नीट विरघळत नाही. १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांचे प्रोंटोसिलवरचे काम प्रसिद्ध झाले. पाठोपाठ पॅरिसच्या पाश्चर संस्थेने दाखवून दिले की त्यातला खरा गुणकारी घटक सल्फानिलामाइड आहे. घशाच्या आणि रक्ताच्या जंतुसंसर्गावर इतका परिणामकारक इलाज तोवर डॉक्टरांच्या हाती नव्हता. १९३६ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा याच कुळातल्या औषधाने वाचला आणि औषधाचे नाव घरोघर पोहोचले. गोळ्या आणि पूड बाजारात होती. दक्षिणेकडच्या राज्यांतून पातळ औषधाची मागणी येते आहे, असे कंपनीच्या विक्रेत्यांनी कळवले. मुख्य रसायनज्ञ हॅरल्ड वॉटकिन्स यांना डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये सल्फानिलामाइड विरघळते असे आढळले. कंपनीच्या नियंत्रण प्रयोगशाळेने रंग, चव आणि वास तपासला. विषारीपणाची चाचणी झाली नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला माल निघाला: एकूण २४० गॅलन, म्हणजे ८० गॅलनांचे बरोबर तीन घाणे.

ऑक्टोबरात ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात लहान मुले दगावू लागली. घसा दुखतो म्हणून आणलेल्या मुलांची लघवी बंद होई, उलट्या होत, पोटात कळा येत आणि मग शुद्ध हरपे. ११ ऑक्टोबरला तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या अध्यक्षांनी शिकागोला अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे तार करून या औषधात काय आहे, अशी विचारणा केली. कागदपत्रांतली ही पहिली खरी तज्ज्ञविचारणा. ती मृत्यूनंतरची आहे. संघटनेने कळवले की सल्फानिलामाइडच्या कोणत्याही पातळ औषधाला तिने मान्यता दिलेली नाही, आणि नमुना मागवून घेतला. प्रयोगशाळेला त्यात सुमारे ७२ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. कृतीतले ६० भागिले ८० म्हणजे ७५ टक्के होतात. कारखान्याचा कागद आणि प्रयोगशाळेचा कागद, दोन्ही वेगवेगळ्या हातांचे, जवळजवळ एकाच आकड्यावर येऊन ठेपतात.

तरी एवढ्याने कारण सिद्ध झाले नव्हते. औषध म्हणून सल्फानिलामाइड तेव्हा अवघ्या दोन वर्षांचे होते. त्याचाच एखादा अज्ञात दुष्परिणाम असेल, मूळ आजारच बळावला असेल, किंवा दोन घटक एकत्र आल्याने काही नवे विष तयार झाले असेल, अशा शंकांना जागा होती. गाइलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शंका वेगवेगळ्या केल्या. उंदीर, ससे आणि कुत्रे यांपैकी काहींना संपूर्ण एलिक्सिर, काहींना नुसते डायएथिलीन ग्लायकॉल आणि काहींना नुसते सल्फानिलामाइड दिले. एलिक्सिर घेतलेले आणि नुसते द्रावक घेतलेले प्राणी सारख्याच रीतीने आजारी पडून मेले. सल्फानिलामाइड घेतलेल्यांची तशी गत झाली नाही. प्राण्यांच्या मूत्रपिंडांत दिसलेली इजा शवविच्छेदनात माणसांच्या मूत्रपिंडांत दिसलेल्या इजेशी जुळली. न्यायालय असो वा रुग्णालय, औषधतज्ज्ञाचे खरे काम या मांडणीत दिसते. ‘औषधाने मृत्यू झाला का?’ हा प्रश्न त्याने जसाच्या तसा स्वीकारला नाही. बाटलीतल्या कोणत्या घटकाने, किती मात्रेत, कोणत्या अवयवाला इजा केली, असे त्याचे तुकडे पाडले आणि दुसऱ्या कोणालाही पडताळता येईल अशी उत्तरे दिली.

डायएथिलीन ग्लायकॉल प्राण्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहे, हे छापील शास्त्रीय साहित्यात आधीच येऊ लागले होते. हाग आणि अँब्रोस यांचा या विषयावरचा लेख त्याच १९३७ सालचा आहे. ग्रंथालयात दोन-चार दिवस बसणाऱ्या माणसाला धोक्याची चाहूल नक्की लागली असती. चार प्राण्यांना ते पाजून काही दिवस वाट पाहिली असती तर शंकाच उरली नसती. पण कारखानदाराला तसे करायला भाग पाडणारा कायदा नव्हता. डॉक्टरांच्या कायदेशीर मागणीप्रमाणे आपण माल पुरवला, असे अनपेक्षित परिणाम दिसणे शक्य नव्हते आणि आपली जबाबदारी नाही, अशी भूमिका मालक मॅसेंगिल यांनी जाहीरपणे घेतली. दुर्दैवाने तेव्हाच्या कायद्याच्या चौकटीत त्यांचे म्हणणे बरेचसे बसत होते.

१९०६ चा अन्न व औषध कायदा भेसळ आणि खोटे लेबल यांवर होता. विषारी औषध विकणे हा त्यात गुन्हा नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला माल जप्त करता आला, तो केवळ नावामुळे. एलिक्सिर म्हणजे मद्यार्क असलेले औषध असा संकेत होता आणि या बाटलीत मद्यार्क नव्हता, म्हणून लेबल खोटे ठरले. त्याच बाटलीवर ‘द्रावण’ असे लिहिले असते तर सरकारचे हात बांधलेले राहिले असते. शेवटी कंपनीला दंड झाला २६,१०० डॉलर. तोही लेबलच्या आणि भेसळीच्या गुन्ह्यांबद्दल होता, मृत्यूंबद्दल नव्हे.

माल परत मिळवण्याची हकिकत मंत्र्यांच्या अहवालात सविस्तर येते. कंपनीच्या पहिल्या तारांमध्ये माल परत पाठवा एवढेच होते. धोक्याचा उल्लेख नव्हता. प्रशासनाने आग्रह धरल्यावर, औषध जिवाला धोकादायक असू शकते, असे सांगणारी दुसरी तार गेली. २३९ निरीक्षक आणि रसायनज्ञ, म्हणजे प्रशासनाचा जवळजवळ सगळा बाहेरचा कर्मचारीवर्ग, विक्रीच्या पावत्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन गावोगाव फिरला. काही ठिकाणी केमिस्टने चिठ्ठीविनाच बाटल्या दिल्या होत्या आणि घेणाऱ्याचे नाव लिहून ठेवले नव्हते. २४० पैकी २३४ गॅलन आणि एक पाइंट परत मिळाले. उरलेले पावणेसहा गॅलनांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे २२ लिटर.

मृतांच्या आकड्याबाबत कागदपत्रांत फरक आहे, आणि तो फरकच त्यांच्या विश्वासार्हतेची खूण वाटतो. नोव्हेंबरच्या अहवालाने ७३ मृत्यू थेट या औषधामुळे झाल्याचे धरले आणि आणखी २० मृत्यू वेगळे ठेवले: औषध घेतले होते, पण कारण पुरते सिद्ध नव्हते. पुढच्या वर्षी गाइलिंग आणि कॅनन यांनी केलेल्या वैद्यकीय आढाव्यात हे औषध घेतलेले ३५३ जण आणि १०५ मृत्यू आहेत. त्यांत ३४ मुले. परत न मिळालेले २२ लिटर ३५३ जणांत वाटले तर प्रत्येकी सरासरी ६३ मिलिलिटर येतात. हा माझा हिशेब ढोबळ आहे, कारण काही बाटल्या सांडल्या असतील, काही फेकल्या गेल्या असतील. तरी किती थोड्या औषधाने हा अनर्थ घडवला, ते त्यावरून कळते.

टल्सामधल्या एका आईने रूझवेल्टना पत्र लिहून आपल्या मुलीचा फोटो सोबत पाठवला. असे विष विकण्यावर बंदी आणा, एवढेच तिचे मागणे होते. मंत्र्यांच्या अहवालातल्या शिफारशी याच दिशेच्या होत्या: नव्या औषधाला विक्रीपूर्व परवाना, घातक औषधांवर बंदी, लेबलवर सगळ्या घटकांची माहिती आणि गुप्त औषधांना मनाई. २५ जून १९३८ रोजी नवा कायदा झाला. नवे औषध सुरक्षित आहे हे उत्पादकाने विक्रीआधी दाखवायचे, सरकारने ते तपासायचे. म्हणजे ज्या तज्ज्ञाला टल्साच्या मुलांच्या मृत्यूनंतर तार गेली, त्याची जागा कायद्याने बाटली दुकानात येण्याच्या आधी नेऊन ठेवली. गाइलिंग यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा फ्रान्सिस ओल्डम ही विद्यार्थिनी होती. पुढे फ्रान्सिस केल्सी म्हणून तिने १९६० पासून त्याच प्रशासनात थॅलिडोमाइडचा अर्ज पुनःपुन्हा अडवून धरला, तो या १९३८ च्या कायद्याने दिलेल्या अधिकारावर.

आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये औषधांच्या दर्जाची चौकशी केली आणि १९४० मध्ये औषध कायदा झाला. तरी १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल पुन्हा अवतरले. मेंदूवरचा आणि डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी पोटातून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते १८.५ टक्के होते. १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाची खरेदी, राज्याचे अन्न व औषध प्रशासन आणि शासन या सर्वांवर कडक ताशेरे ओढले. २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या मुलांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला तेच द्रव्य ४८.६ टक्के सापडले. त्यातली अनेक मुले उपचारांसाठी नागपूरला आणली होती. ब्रिस्टलमध्ये विचारण्याची सक्ती नव्हती. मुंबईत आणि छिंदवाड्यात सक्ती होती. ती पाळली गेली नाही.

१९३७ ची कागदपत्रे वकिलांना आणि डॉक्टरांना अजूनही उपयोगी पडतील असे मला मनापासून वाटते. औषधावर संशय आला की उरलेली बाटली सीलबंद जपावी, बॅच क्रमांक टिपून घ्यावा, कारखान्याची कृती आणि खरेदीचे कागद मागवावेत. गुणकारी घटकासोबत द्रावकाचीही स्वतंत्र तपासणी सांगावी, कारण १९३७ च्या प्रकरणात मूळ औषध निर्दोष होते. त्या तारखेला शास्त्रीय साहित्यात काय छापलेले होते हे शोधावे. ‘कल्पना नव्हती’ हा बचाव तिथेच टिकतो किंवा पडतो. आपल्या औषध कायद्याचे कलम २६ तर सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेण्याचा हक्क देते. हा हक्क रुग्णालयांच्या खरेदी विभागांनी आणि ग्राहक संघटनांनी सवयीने वापरला पाहिजे. औषधतज्ज्ञाला साक्षीच्या पिंजऱ्यात बोलवावे लागते, तेव्हा तो मृत्यूचे कारण सांगू शकतो. खरेदीच्या टेबलावर त्याला विचारले, तर तो मृत्यू टाळू शकतो. प्रश्न दोन्हीकडे एकच असतो, बाटलीत नेमके काय आहे. तो आधी विचारणे हे आपले कर्तव्य आहे.